जावा मोटरसायकल घेऊन गेलेल्या लेकीस

साखळी, गोवा

चि. मुक्ता हीस अनेक आशीर्वाद.

रविवारी तू पुण्याला जायला चोर्ला घाटाच्या रस्त्याला लागलीस आणि रात्री 'पोचले' एवढाच मेसेज आला. निघालीस त्या वेळेवरून हिशेब केला तर साताऱ्याच्या पुढे काळोख पडला असणार, म्हणजे खंबाटकीचा घाट अंधारात झाला. असो. ते विचारायला हे पत्र नाही. भांडणाच्या नादात गाडीबद्दल सांगायचं राहिलं, तेवढं लिहितो.

पेट्रोलात मिसळायचं टू-स्ट्रोकचं तेल, टू-टी, लिटरला चाळीस मिली. अंदाजाने नाही, मापाने. हल्लीच्या पेट्रोलात वीस टक्के इथेनॉल असतं आणि ते हवेतलं पाणी ओढतं. गाडी चार दिवस उभी राहणार असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपसूक बंद पडेपर्यंत चालू ठेव, कार्बोरेटर रिकामा होतो. घाट उतरताना अ‍ॅक्सिलरेटरची मूठ पूर्ण सोडायची नाही. टू-स्ट्रोकला तेल पेट्रोलाबरोबरच मिळतं. मूठ बंद की तेलही बंद, आणि लांब उतारावर पिस्टन धरतो. मधेमधे थोडी रेस द्यायची. आणि रात्री घाट उतरायचाच नाही, म्हणजे प्रश्नच मिटला.

आलंच बघ शेवटी.

अगो, सहा व्होल्टचा दिवा तो. इंजिन मंद झालं की डायनॅमो चार्ज करत नाही, सगळा भार बॅटरीवर. वळणावर वेग कमी केलास की नेमका तिथेच उजेड हळदीसारखा पिवळा. मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला तुझा मागचा दिवा दिसेल की नाही, देव जाणे. तू म्हणालीस, बारा व्होल्ट करून द्या. मी नाही म्हटलं. त्यावर 'तुम्हाला गाडी हवीय की देव्हाऱ्यातली मूर्ती' असं बोललीस, ते लागलं मला. आई म्हणते, बरोबर बोलली. आई काय, तुझ्याच बाजूची.

पण मुक्ता, ती टाकी खरवडताना तूच होतीस ना बाजूला? वरचा काळा रंग, त्याखाली दामूकाकाने मारलेला निळा, त्याखाली म्हैसूरच्या जावा कारखान्याचा मूळ मरून, आणि थराथरांमध्ये खाणीची तांबडी माती. पॉलिश पेपर ओला करून देता देता तुझी बोटं चोळून लाल झाली होती. कारखाना १९९६ मध्येच बंद पडला, आता मूळ पार्ट हाती लागला तर नशीब. खाण बंद झाल्यावर लोक मला विचारायचे, आता काय करणार? तीन दिवस गॅरेज, बाकीचे दिवस पडवी, हे उत्तर मला त्या जावानेच दिलं.

नाना तिच्यावरून केरीला आजोबा देवाच्या जत्रेला जायचे. मी पुढे टाकीवर. एकदा परतताना बल्ब उडाला. नानांनी गाडी थांबवली नाही, खिशातला टॉर्च काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, समोर धर, हलवू नको. साखळीपर्यंत हात ताठ धरून आलो. घरी आल्यावर आजी नानांना काय काय बोलली! तेव्हा मला फार मजा वाटली होती.

कराडजवळ गाडी बंद पडली नि तू रस्त्याकडेला ठिणगीचे पॉइंट घासून, ०.४ मिलिमीटरची फट लावून चालू केलीस, हे तुझ्या मैत्रिणीने आईला सांगितलं. मला नाही सांगितलंस. गॅरेजात आलेल्या प्रत्येकाला मी ते ऐकवलंय. फट मोजायचं फीलर गेज आठवणीने नेलं होतंस म्हणजे! पण कराडला किती वाजले होते?

गाडी १९६८ ची, नंबर अजून जुन्या गोवा-दमण-दीवच्या जीडीचा. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना २०२१ च्या नियमाने व्हिंटेजमध्ये नोंदवता येतं, पण मग ती रोज रस्त्यावर आणता येत नाही, रॅली-प्रदर्शनापुरतीच. तू चालवशील म्हणून मी त्या वाटेला गेलो नाही. रविवारपासून वाटतंय, नोंदवली असती तर रात्रीची बंदी सरकारनेच घातली असती. फार बोललो. राग मानू नकोस. तू लहान नाहीस हे मला कळतं, फक्त रात्री नऊनंतर कळत नाही.

उद्याच्या पुण्याच्या बसने खोका पाठवतोय. बारा व्होल्टचा अल्टरनेटर, कॉइल, बल्ब, हॉर्न. मी हरलो असं समजू नकोस. डायनॅमोचं जुनं आर्मेचर, म्हणजे आतला फिरता भाग, काढायला खोक्यात बोल्ट घातलाय, हातोडी मारायची नाही. निघालेला डायनॅमो कापडात गुंडाळून परत पाठव, इथे पडवीत राहील. वायरिंग करताना अडलीस तर फोन कर, कितीही वाजता.

चवथीला आई म्हणते ट्रेनने ये. गाडीच आणणार असशील तर पहाटे निघ.

तुझा,
बाबा