उन्हाळी शिबिरं घेणाऱ्या मंडळांनी विम्याचा कागद आधी उघडून वाचावा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या क्रीडा मंडळाचा सचिव आहे. दर मे महिन्यात आम्ही गावातल्या लेकरांसाठी दहा दिवसांचं शिबिर घेतो, कबड्डी, लेझीम, सकाळची प्रार्थना, ऊन तापायच्या आत म्हणजे साडेपाचला ग्राउंडवर आणि नऊला घरी. फी नाही, गावातून पट्टी गोळा करतो त्यात चिवडा, केळी, लिंबूपाणी होऊन जातं. विदर्भात अशी शिबिरं गावोगावी चालतात, कुठं गुरुदेव सेवा मंडळाची, कुठं शाळेची, कुठं आमच्यासारख्या पोरांच्या मंडळाची. त्यातल्या किती जणांकडं विम्याचा कागद आहे आणि किती जणांनी तो वाचला आहे हा माझा प्रश्न आहे, कारण आम्ही वाचला नव्हता.

मागच्या शिबिरात बारा वर्षाचा एक पोरगा कबड्डीत पडला. कोपराचं हाड मोडलं, तालुक्याहून जिल्ह्याला नेलं, ऑपरेशन करून प्लेट टाकली. बाप दुसऱ्याच्या वावरात सालदार. आम्ही त्याला म्हटलं काळजी करू नका भाऊ, आपला विमा आहे. एजंटनं आम्हाला "सगळं कव्हर आहे" असंच सांगितलं होतं. पॉलिसी उघडली तर ती नुसती ग्रुप अपघात पॉलिसी निघाली, मृत्यू आणि कायमचं अपंगत्व एवढंच, दवाखान्याच्या खर्चाचा भाग वेगळा घ्यावा लागतो आणि तो आम्ही घेतलाच नव्हता. मग पुन्हा पट्टी. महिनाभरानं पोराच्या मामानं वकिलाची नोटीस पाठवली, अध्यक्ष आणि सचिव दोघांच्या नावानं, म्हणजे माझ्या घरच्या पत्त्यावर. माझ्या बायकोनं ती घेतली, दोन दिवस आमच्या घरी कोणी नीट जेवलं नाही. पण मामाचं काय चुकलं? ग्राउंडवर दोन जागी मुरूम उघडा पडला होता, ते आम्हाला आदल्या दिवशीच दिसलं होतं.

आमच्याकडं संमतीपत्र होतं. झेरॉक्स केलेला कागद, "काही दुखापत झाल्यास मंडळ जबाबदार राहणार नाही", खाली बापाचा निळा अंगठा. आमच्या वकील साहेबांनी तो पाहून बाजूला ठेवला. म्हणाले, बापाच्या अंगठ्यानं लेकराचा हक्क जात नाही आणि तुमची हयगय माफ होत नाही. वरून हेही सांगितलं की अल्पवयीन मुलाची मुदत तो अठरा वर्षांचा झाल्यावर मोजायला लागते, पुढं तीन वर्षं. म्हणजे आज बारा वर्षाचं पोरगं एकवीस वर्षाचं होईस्तोवर दावा करू शकतं.

आता मला जे समजलं ते लिहितो, कारण खेड्यातल्या मंडळांना हे कोणी सांगत नाही. अपघात विमा वेगळा आणि दायित्व विमा, ज्याला लायबिलिटी म्हणतात, तो वेगळा. पहिल्यात चूक कोणाची ते न पाहता ठरलेली रक्कम लेकराला मिळते. दुसऱ्यात आयोजकाच्या हयगयीमुळे कोणाला इजा झाली आणि भरपाई द्यायची वेळ आली तर ती कंपनी देते, कोर्टाचा आणि वकिलाचा खर्चही त्यातच येतो. शिबिराला दोन्ही पाहिजेत. वर्षाला २० रुपयांची प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना चांगली आहे, पण ती १८ ते ७० वयाची, आमची लेकरं तिच्यात बसतच नाहीत. शाळेतल्या मुलांसाठी राज्याची राजीव गांधी अपघात योजना आहे, तिचा अर्ज शाळेमार्फत जरूर करावा, ते लेकराच्या हक्काचं आहे, पण मंडळावरचा दावा ती उचलत नाही. भोपाळच्या वायुकांडानंतर १९९१ मध्ये दायित्व विम्याचा कायदा झाला तो धोकादायक रसायनं हाताळणाऱ्यांसाठी, लेकरांच्या शिबिराला त्यात सक्ती नाही.

लायबिलिटी घेताना एजंटला एकच गोष्ट पक्की लिहून मागा, खेळणाऱ्या लेकराला लागलं तर कव्हर आहे का? काही पॉलिसीत प्रेक्षक धरतात आणि खेळाडू वगळतात, मग आमच्या काय कामाची ती. लैंगिक छळाची तक्रार झाली तर काय, हेही विचारा, लाजू नका. अमेरिकेत मुलांच्या कॅम्पसाठी हा भाग धरून खास पॉलिसी विकल्या जातात, आपल्याकडं साध्या पॉलिसीत तो सहसा नसतो. आणि बऱ्याच पॉलिसी दावा ज्या वर्षी येतो त्या वर्षी चालू असाव्या लागतात, म्हणून एक वर्ष घेऊन सोडून दिली तर मागच्या शिबिराचं संरक्षणही जाऊ शकतं.

आणखी एक. सहलीला लेकरं पिकअपमध्ये भरून धरणावर नेतात ते कृपा करून बंद करा. मालवाहू गाडीत फुकट बसवलेल्या माणसांची भरपाई विमा कंपनीवर येत नाही असं सुप्रीम कोर्टानं २००२ मध्येच सांगितलं आहे, सगळं गाडीमालकावर येतं. आणि पाण्याजवळ तर फारच जपा, १ फेब्रुवारी २०१६ ला मुरूडच्या समुद्रात सहलीला गेलेले १४ विद्यार्थी बुडाले, ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

छोट्या मंडळाला एकट्यानं पॉलिसी परवडत नाही, प्रीमियमवर १८ टक्के जीएसटी वेगळा. म्हणून माझी विनंती अशी की तालुका क्रीडा अधिकाऱ्यांनी तालुक्यातल्या सगळ्या नोंदणीकृत मंडळांची यादी करून विमा कंपन्यांकडून एकत्र दर मागवावा, आणि पॉलिसीतला नेमका मजकूर मराठीत करून प्रत्येक मंडळाला द्यावा.

त्या पोराचं प्रकरण गावातल्या चार म्हाताऱ्यांनी बसून मिटवलं. पण त्याचा उजवा हात अजून सरळ होत नाही, शाळेच्या शर्टाचं वरचं बटन तो डाव्या हातानं लावतो. यंदाच्या शिबिराची बैठक संक्रांतीनंतर आहे, विम्याचा विषय पहिला ठेवला आहे, शेजारच्या गावातल्या मंडळांनाही निरोप दिले आहेत. पोराच्या बापालाही बोलावलं आहे. "येतो ना भाऊ," म्हणाला.

आपला,
एका क्रीडा मंडळाचा सचिव, जि. यवतमाळ