मंत्रीसाहेब, टॅब नको, आम्हाला इंग्रजी बोलायला महिन्याचे दोन तास द्या

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य यांना,
सप्रेम नमस्कार.

मी पुण्यात एका अनुदानित मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवते. शाळेचं नाव सांगत नाही, उगाच मुख्याध्यापकांना वरून फोन नको.

एक गोष्ट सरळच विचारते. इंग्रजी सुधारायचं म्हटलं की आपल्याकडे सगळ्यात आधी खरेदीच का सुचते? कधी लँग्वेज लॅब, कधी टॅब, कधी फ्लॅशकार्डांचं किट, कधी अमुक अ‍ॅप डाउनलोड करा आणि स्क्रीनशॉट ग्रुपवर टाका. आमच्या स्टाफरूमच्या कपाटात असंच एक किट आहे, खोक्याची सेलोटेप अजून तशीच, कारण आत किती कार्डं आहेत ते स्टॉक रजिस्टरला चढलंय आणि एखादं हरवलं तर भरून कोण देणार, म्हणून कुणी हातच लावत नाही. हे फक्त आमच्याकडे आहे असं समजू नका. कुठल्याही शाळेत न सांगता जा आणि कपाट उघडायला सांगा.

२००० साली रामकृष्ण मोरे सर शिक्षणमंत्री असताना पहिलीपासून इंग्रजी आलं. त्याआधी आम्ही सगळे पाचवीत एबीसीडी गिरवलेले. तेव्हा त्या निर्णयाला केवढा विरोध झाला होता, मराठी मरेल इथपासून पोरांवर ओझं पडेल इथपर्यंत. मला विचाराल तर निर्णय बरोबरच होता, ज्या घरात इंग्रजी पेपर येत नाही त्या घरातल्या पोरानं पाचवीपर्यंत का थांबायचं? पण त्या दिवशी पहिलीच्या वर्गावर जे गुरुजी आणि बाई उभे होते ते स्वतः पाचवीत इंग्रजी शिकलेले, डीएड मराठीतून केलेले. त्यांना जसं शिकवलं होतं तसंच त्यांनी शिकवलं. सी ए टी कॅट, कॅट म्हणजे मांजर. सगळ्या वर्गानं एका सुरात. आणि आज पाव शतक झालं तरी बऱ्याच वर्गांमधून तोच सूर ऐकू येतो.

पुस्तकांचा दोष नाही हो. बालभारतीची पुस्तकं मी बाकीच्या बऱ्याच पुस्तकांपेक्षा चांगली मानते, गाणी आहेत, कृती आहेत, चित्रावर गप्पा मारायला जागा आहे. (मध्ये २०२३ ला पुस्तकात वहीची कोरी पानं घातली आणि २०२५ ला काढून टाकली, ते सोडा.) पण गाणं असलेलं पानसुद्धा फळ्यावर उतरवून घ्यायला लावलं तर त्याचं शुद्धलेखनच होतं.

आता हे वाचनाचंच घ्या. आपल्या देवनागरीत 'क' ला 'क'च म्हणतात, अक्षराचं नाव आणि आवाज एकच. पोर पहिलीत हे शिकतं आणि तोच नियम इंग्रजीला लावतं, त्यात त्याचं काय चुकलं? पी आय एन ही तीन अक्षरं त्याला ओळखता येतात पण त्यांचं 'पिन' कसं झालं हे कुणी सांगितलेलंच नसतं, मग ते शब्द चित्रासारखा पाठ करतं, आणि पाचवीत धड्यात शंभर नवे शब्द आले की पाठांतर संपतं आणि पोर गप्प बसायला लागतं. यावर उपाय फोनिक्सचा, म्हणजे अक्षराच्या नावाऐवजी त्याच्या आवाजावरून वाचायला शिकवायचं. त्यात एबीसीडीच्या क्रमानं जायचंच नाही. एस, ए, टी, आय, पी, एन एवढी सहा अक्षरं आधी घ्यायची, तीही आवाजानं, स्स, अ‍ॅ, ट्, इ, प्, न्. आणि या सहांत सॅट, पिन, टिन, टॅप, नॅप, पॅन असे कितीतरी शब्द पोर स्वतः जोडून वाचतं, कुणी न सांगता. पाचवीत आलेल्या ज्या पोरांना काहीच वाचता येत नव्हतं त्यांच्याबरोबर मी हे मधल्या सुट्टीनंतरच्या तासाला करते, आणि 'टॅप' वाचल्यावर पोरगी मान वर करून बघते ना, तेव्हा तिला पहिल्यांदा कळलेलं असतं की यात काहीतरी नियम आहे. बाराखडी येणाऱ्या पोरांना आवाज जोडणं नवीन नसतं, उलट आपली पोरं यात पटकन पुढे जातात. अडतात कुठे तर शिप आणि शीपमध्ये, कारण मराठी बोलताना आपण तरी ऱ्हस्व-दीर्घ कुठे पाळतो, आणि व्ही आणि डब्ल्यूमध्ये, कारण आपल्याला दोन्हीला एकच 'व'. हे शिक्षकाला आधी माहीत असेल तर दहा मिनिटांचं काम आहे. अर्थात फोनिक्सनं सगळं होत नाही, 'सेड' (एस ए आय डी) आणि 'वन' (ओ एन ई) सारखे शब्द नियमात बसत नाहीत, ते बघून बघूनच लक्षात ठेवावे लागतात. पण कोथरूड-बाणेरला हेच शिकायला लोक बक्कळ फी भरून क्लास लावतात आणि आमच्या पोरांना ते फुकटात शाळेत मिळायला हवं की नाही?

बोलण्याचं तर याहून सोपं आहे आणि तेच आपण करत नाही. आपल्याच देशात बंगळुरूला एन. एस. प्रभू नावाच्या माणसानं १९७९ ते १९८४ या काळात साध्या शाळांमधून एक प्रयोग केला, सगळ्या जगात इंग्रजी शिकवणारे लोक आजही त्याचं नाव काढतात. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की पोरांना व्याकरण पढवत बसण्यापेक्षा नकाशा, वेळापत्रक असं काहीतरी सोडवायला द्या, त्यांचं डोकं बोलण्याच्या अर्थामध्ये गुंतलं की भाषा आपोआप बसत जाते. मी आठवीला हेच पुणेरी पद्धतीनं करते. स्वारगेटहून सुटणाऱ्या बसचं एक खोटंच वेळापत्रक बनवायचं, अर्ध्या वेळा एकाच्या कागदावर, अर्ध्या दुसऱ्याच्या, कागद दाखवायचा नाही आणि मराठीत विचारायचं नाही. मग सुरू होतं. 'व्हॉट टाइम बस गो कात्रज?' 'टेन फिफ्टीन.' 'नेक्स्ट?' 'नेक्स्ट नो कमिंग. ब्रेकडाउन.' हे ब्रेकडाउन माझ्या कागदावर नव्हतं, तो पोराचा पुण्याच्या पीएमपीएमएल बसचा अनुभव. मी मध्ये बोलत नाही, चुका ऐकून ठेवते, आणि शेवटच्या पाच मिनिटांत दोन-तीन वाक्यं फळ्यावर लिहून विचारते की हे अजून नीट कसं म्हणता येईल, मग 'डझ द बस गो' त्यांच्यातलंच कुणीतरी काढतं. खर्च किती? पाठकोरे कागद. गोंगाट मात्र होतो, साठ पोरं एकदम बोलतात, शेजारच्या वर्गावरचे सर दारात येऊन बघून जातात की या वर्गावर कुणी आहे की नाही. आणि मराठीचं म्हणाल तर वर्गात मराठी वापरू नका हा जो दंडक काही ठिकाणी लावतात तो मला अजिबात पटत नाही. खेळ समजावून सांगायला मराठीच वापरते मी, दोन मिनिटांत कळतं आणि उरलेला तास पोरांना इंग्रजीसाठी मिळतो.

साहेब, आता खरं दुखणं सांगते. हे सगळं करायला शिक्षकाला स्वतःला तीन-चार मिनिटं न अडखळता इंग्रजी बोलता यायला लागतं, आणि आमच्यातल्या निम्म्यांना त्याचीच भीती वाटते. व्हॉइस विचारा, डायरेक्ट-इनडायरेक्ट विचारा, झोपेत सांगतील. पण बोलायचं कुठे? घरी मराठी, स्टाफरूममध्ये मराठी, आणि चुकून एखादी इंग्रजीत बोललीच तर 'काय मॅडम, आज एकदम लंडन' म्हणून तिचं तोंड बंद. मग वर्गात धडा वाचायचा, मराठीत अर्थ सांगायचा आणि प्रश्नोत्तरं फळ्यावर उतरवून द्यायची, यात सुरक्षित वाटतं. पोरांनी उत्तरं लिहिलेली नसली तरी चालतं, आप्पा बळवंत चौकात गाईड मिळतंच.

प्रशिक्षणं होतात, नाही असं नाही. पण मोठा हॉल, शेदीडशे शिक्षक, पीपीटी, सही, फोटो. अशाच एका प्रशिक्षणात 'स्पीकिंग स्किल्स' या विषयावर एकच माणूस सलग दोन तास बोलला, आम्हाला तोंड उघडायला मिळालं ते चहाला. तेही मराठीत.

उलट २०१६ पासून आपल्याच राज्यात काही जिल्ह्यांत 'तेजस' नावाचा प्रकल्प चालला, राज्य सरकार, टाटा ट्रस्ट्स आणि ब्रिटिश कौन्सिल मिळून. त्यातलं मला आवडलेलं म्हणजे शिक्षकांचे छोटे गट. जवळपासच्या शाळांचे शिक्षक नेमानं जमायचे, चालवायला बाहेरचा तज्ज्ञ नाही, त्यांच्यातलाच एकजण, एखादी कृती स्वतः करून बघायची, जाऊन वर्गात घ्यायची, पुढच्या वेळी येऊन सांगायचं की जमलं का फसलं. चर्चा इंग्रजीत, मोडक्यातोडक्या का होईना. चुकलं तरी हसायला कुणी नाही कारण सगळेच चुकतायत. असं काहीतरी कायमचं का होत नाही? प्रकल्पाचा बॅनर उतरला की गट मोडतात, दुसरा बॅनर लागतो, पुन्हा पहिल्यापासून ओळखपरेड.

म्हणून माझी मागणी एवढीच आहे की महिन्यातून दोन तास, शाळेच्या वेळेत, दहा-पंधरा इंग्रजी शिक्षकांचा गट, आणि त्या दोन तासांत कुठलीही लिंक भरायची नाही, माहिती द्यायची नाही, सेल्फी अपलोड करायचा नाही. प्राथमिकवाल्यांची केंद्रावर शिक्षण परिषद होतेच, त्यातलाच वेळ काढा, माध्यमिकवाल्यांसाठी शेजारच्या शाळा जोडा. यासाठी नवीन संस्था काढायचीही गरज नाही. शिक्षक प्रशिक्षण बघणारी एससीईआरटी कुमठेकर रस्त्यावर, बालभारती सेनापती बापट रस्त्यावर, शिक्षण आयुक्त सेंट्रल बिल्डिंगला, ट्रॅफिक नसेल तर तिघांनाही एका चहाच्या वेळेत एकत्र बसता येईल.

आणि शिक्षकाचं इंग्रजी सुधारेपर्यंत पोरांनी ऐकायचं काय, तर आवाज द्या. पुण्यातच सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेस या संस्थेनं मराठी माध्यमाच्या पोरांसाठी 'वुई लर्न इंग्लिश' हा रेडिओ कार्यक्रम केला होता, आकाशवाणीवरून लागायचा. रेडिओ विचारणार, पोरं उत्तर देणार, मध्ये थांबायला जागा ठेवलेली, बाईंना इंग्रजी फारसं येत नसलं तरी वर्ग चालायचा आणि ऐकता ऐकता बाईही शिकायच्या. बांगलादेशात २००८ पासून 'इंग्लिश इन अ‍ॅक्शन' प्रकल्पात शिक्षकांच्या मोबाइलमध्ये मेमरी कार्डावर ऑडिओ भरून दिले आणि सोबत चार्जिंगचा छोटा स्पीकर, नेट नसलं तरी चालू. आपल्याकडे सरकारचं दीक्षा अ‍ॅप आहे, पुस्तकावर क्यूआर कोड आहेत, पण फोन शिक्षकाचा, डेटा शिक्षकाचा, आणि ऐन तासाला चाक गोल गोल फिरत बसतं. प्रत्येक धड्याचा ऑडिओ एका फाइलमध्ये द्या, एकदा उतरवून घेतला की झालं. आणि कृपा करून आवाज आपल्या माणसांचे घ्या. पोरांना नाशिक आणि चेन्नईच्या माणसाशी बोलायचंय, लंडनच्या राणीशी नाही, तीही आता हयात नाही.

गोष्टीच्या पुस्तकांचं थोडक्यात सांगते. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर २०१५ पासून गोष्टी खुल्या परवान्यात आहेत, एकच गोष्ट मराठीत आणि इंग्रजीत दोन्हीकडे मिळते, छापून घ्यायलाही आडकाठी नाही. केंद्राच्या समग्र शिक्षा योजनेमधून प्राथमिक शाळेला ग्रंथालयासाठी ५ हजारांपर्यंत अनुदान धरलेलं आहे. ते पैसे वरून आलेल्या यादीवर न घालवता शाळेला तिच्या पोरांना वाचता येतील अशी पातळ पुस्तकं घेऊ द्या.

२०२५ च्या जूनमध्ये पहिलीपासून हिंदीवरून केवढं रान पेटलं, जीआर निघाले, परत घेतले. त्या सगळ्या गदारोळात एकानंही विचारलं नाही की जी दुसरी भाषा पंचवीस वर्षं पहिलीत आहेच ती तिथे कशी चालू आहे.

शेवटचं, परीक्षेचं. दहावीला २० मार्क अंतर्गत असतात, तोंडी परीक्षा त्यातच. २०१८-१९ ला ते काढून टाकले होते, निकाल ७७.१० टक्क्यांवर आला, ओरड झाली आणि ऑगस्ट २०१९ मध्ये परत आणले. परत आणले ते निकालासाठी आणले हे आपण दोघंही जाणतो. शाळेतल्याच बाई, शाळेचीच पोरं, डोक्यावर शंभर टक्के निकालाचं टेन्शन, मग सगळ्यांना अठरा-एकोणीस. जो पोरगा खरंच बोलतो त्याला एकोणीस आणि ज्यानं तोंड उघडलं नाही त्यालाही अठरा. शेजारच्या दोन शाळांच्या शिक्षकांची अदलाबदल करा, दोन-दोन पोरांना एकत्र बसवून पाच मिनिटं गप्पा मारायला लावा, पाठ केलेलं 'माय सेल्फ' चालणार नाही असं स्पष्ट लिहा. एवढं केलंत तर नववी-दहावीच्या वर्गांत बोलणं आपोआप सुरू होईल, कारण आपल्याकडे जे पेपरात येतं तेच शिकवलं जातं.

फक्त बदल करणार असाल तर जूनच्या आधी कळवा. ऑगस्टमध्ये कळवलंत तर तोवर आमची पहिली घटक चाचणी होऊन गेलेली असते आणि मार्कांचे तक्ते दोनदा भरावे लागतात.

कळावे,
मराठी शाळेतली एक इंग्रजीची शिक्षिका, पुणे