शेवट पाठ असलेले चित्रपट

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. रात्री झोप लागत नाही, नवे काही लावले तर वीस मिनिटांत बंद करावेसे वाटते, तेव्हा तू जे चित्रपट पुन्हा पुन्हा पाहतोस त्यांची नावे कळव, असे तू लिहिले आहेस. वाचून आधी हसू आले. ज्याचा शेवट पाठ आहे ते काय पाहायचे, असे म्हणून मला इतकी वर्षे चिडवणारा तूच ना? पण उट्टे काढण्याची ही वेळ नव्हे.

माझ्या यादीत सर्वांत वर ‘माय नेबर टोटोरो’ आहे. हायाओ मियाझाकी यांचा हा जपानी चित्रपट १९८८ सालचा. सात्सुकी आणि मे या दोन लहान बहिणी वडिलांबरोबर खेड्यातल्या एका जुन्या घरात राहायला येतात आणि जवळच्या रानात त्यांना टोटोरो नावाचा अगडबंब, केसाळ प्राणी भेटतो. एवढीच गोष्ट. खलनायक नाही, सूड नाही, कोणाला हरवायचे नाही. त्यातला पावसातल्या बसथांब्याचा प्रसंग मी किती वेळा पाहिला असेल, याचा हिशेब आता उरलेला नाही. वडिलांची बस येत नाही, अंधार पडत जातो, धाकटी थोरलीच्या पाठीवर झोपून जाते आणि शेजारी डोक्यावर एक पान धरून टोटोरो येऊन उभा राहतो. थोरली त्याला वडिलांसाठी आणलेली छत्री देते. झाडावरून निथळणारा एक थेंब छत्रीवर टपकतो. मग आणखी काही. त्या आवाजाने टोटोरोचे डोळे विस्फारतात, तो अंग ताठ करतो आणि अशी उडी मारतो की वरच्या फांद्यांमध्ये अडकलेले सारे पाणी एकदम खाली कोसळते. चित्रपट कुठलीही घाई न करता एका थेंबासाठी थांबतो. दिवसभर ज्याला कोणीतरी मागून ढकलत असते, त्याला अशा थांबण्याची किती गरज असते, हे तुला सांगायला नको.

आता एक गोष्ट नीट लक्षात घे, कारण तुझ्या पत्रात ‘काहीतरी हलकेफुलके सुचव’ असे वाक्य आहे. टोटोरो हलकाफुलका नाही. त्या मुलींची आई रुग्णालयात आहे आणि एका वळणावर ती परत येणार नाही की काय, या भीतीने थोरली मुलगी, जी तोवर घरातले सगळे शहाण्यासारखे सांभाळत असते, हंबरडा फोडून रडते. मीही तेथे दर वेळी गलबलतो. मात्र ते दुःख केवढे आहे, किती वेळ टिकणार आहे आणि त्याच्या पलीकडे काय आहे, हे मला ठाऊक असते. आपल्या स्वतःच्या काळज्यांचे असे माप कधी हाती लागत नाही. माझ्या मते पुन्हा पाहण्यातला दिलासा याच मापात आहे. गंमत अशी की हा चित्रपट जपानमध्ये इसाओ ताकाहाता यांच्या ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’बरोबर एकाच खेळात प्रदर्शित झाला होता. तोही त्याच स्टुडिओचा, तोही दोन भावंडांचा आणि तोही थोर. पण तो मी एकदा पाहिला आणि पुन्हा लावण्याचे धैर्य झालेले नाही. सध्या तू त्याच्या वाटेला जाऊ नकोस.

हसवणाऱ्यांपैकी ‘अशी ही बनवाबनवी’ आणि ‘चुपके चुपके’ तुला सांगण्याची गरज नाही, तरी त्यांच्याविषयी एक निरीक्षण नोंदवतो. ‘बनवाबनवी’ची कथा हृषीकेश मुखर्जी यांच्या १९६६ सालच्या ‘बीवी और मकान’वरून घेतलेली, आणि त्याच मुखर्जींचा १९७५ सालचा ‘चुपके चुपके’ हा ‘छद्मवेशी’ या बंगाली चित्रपटाचा नवा अवतार. म्हणजे या गोष्टी आपल्यापर्यंत पोहोचल्या तेव्हाच पुन्हा सांगितल्या जात होत्या. ‘चुपके चुपके’ पहिल्यांदा पाहताना मी धर्मेंद्रकडे पाहिले, कारण शुद्ध हिंदीचा मारा करणारा ड्रायव्हर तोच आहे. आता मी ओमप्रकाशकडे पाहतो. तो एकेक जडजंबाल शब्द कानावर पडताच त्याच्या चेहऱ्यावर आधी कौतुक, मग संशय आणि मग अगतिकता कशी उमटते, हे पाहायला कथानकाची चिंता संपलेली असावी लागते. पुढे काय होणार हे कळले की डोळे मोकळे होतात.

फ्रँक काप्रा यांच्या ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’चे प्रकरण निराळे आहे. १९४६ साली आला तेव्हा त्याने निर्मात्यांची निराशाच केली. पुढे १९७४ मध्ये स्वामित्व हक्काचे नूतनीकरण राहून गेले, त्यामुळे अमेरिकेतल्या दूरचित्रवाणी वाहिन्यांना तो जवळजवळ फुकट दाखवता येऊ लागला आणि दर नाताळात दिसून दिसून तो लोकांच्या घरचाच झाला. रॉबर्ट झायोन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ साली दाखवून दिले होते की अर्थ न कळणारी चिन्हेसुद्धा वारंवार डोळ्यांपुढे आली की माणसाला आवडू लागतात. तेव्हा आवडतो म्हणून आपण पुन्हा पाहतो, की पुन्हा पाहतो म्हणून आवडतो? माझ्यापुरते म्हणशील तर दोन्ही, आणि त्याची मला लाज वाटत नाही. अर्थात, झायोन्सच्या नियमाला अपवाद असलेले काही चित्रपट मी पाहिले आहेत. ते शंभरदा पाहिले तरी गोड लागणार नाहीत.

दोन चुका मी केल्या, त्या तू करू नकोस. आपला असा चित्रपट दुसऱ्याला दाखवायला घेऊन बसू नये. तुला आठवत नसेल, पण मी तुला टोटोरो दाखवला होता आणि पडद्याऐवजी सारा वेळ तुझ्या चेहऱ्याकडे पाहत होतो. नेमक्या त्या थेंबाच्या क्षणी तू फोन काढलास. मी काही बोललो नाही, मात्र पुढचे वर्षभर मला तो चित्रपट लावावासा वाटला नाही. दुसरी चूक म्हणजे एका वाईट हिवाळ्यात मी ‘चुपके चुपके’ रोज रात्री लावला आणि तिसऱ्या आठवड्यात ओमप्रकाशसुद्धा नुसता आवाज होऊन बसला. मध्ये थोडा काळ जाऊ द्यावा.

मात्र मध्येच डोळा लागला तर अपराधी वाटून घेऊ नकोस. हे चित्रपट तेवढ्याने रागावत नाहीत. आज टोटोरोच लाव. या वेळी मी शेजारी नाही, तेव्हा हवा तर फोनही काढ. बसथांब्यापर्यंत तू जागा राहिलास की नाही, एवढे पुढच्या पत्रात कळव.

तुझा,
जुना मित्र