थंडीतली उदासी आणि रात्रीची वीज

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

डिसेंबर लागला की आपल्या दैनिकात पाऱ्याची चौकट येऊ लागते आणि धुळ्याचा पारा एक आकडी झाल्याची बातमी खान्देशात घरोघरी वाचली जाते. त्या चौकटीत न मावणारी एक गोष्ट आमच्या घरात सलग तीन हिवाळे घडली, म्हणून हे पत्र.

माझ्या धाकट्या दिरांची चोपडा तालुक्यात केळी आणि गहू-हरभऱ्याची शेती आहे. एरवी चार माणसांत रमणारे भाऊजी मार्गशीर्षात गप्प होत, दहा-अकरापर्यंत गोधडीतून बाहेर येत नसत, जेवण झाले तरी रात्री उठून गूळ-शेंगदाणे खात आणि विचारले तर ‘माले करमत नही’ एवढेच म्हणत. दोन वर्षांपूर्वी मळ्यात भरिताचा बेत होता. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायचे काम दरवर्षी त्यांचे. त्या दिवशी सगळे हाका मारत असताना ते गाडीत काच वर करून झोपून राहिले. घरात कोणी याला आळस म्हटले, कोणी ‘बाहेरचे’ म्हटले. होळीच्या सुमारास माणूस आपोआप मोकळा होई, त्यामुळे दवाखान्याचा विषय निघतच नसे.

ठरावीक ऋतूत येणाऱ्या आणि ऋतू पालटला की ओसरणाऱ्या या नैराश्याचे वर्णन १९८४ मध्ये अमेरिकेत नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. झोप वाढणे, गोड व पिष्टमय खाण्याची ओढ, वजन वाढणे आणि माणसे नकोशी होणे ही त्याची ओळखीची लक्षणे आहेत. मात्र निदानासाठी ते लागोपाठ किमान दोन वर्षे त्याच ऋतूत यावे लागते. सकाळचा उजेड डोळ्यांत उशिरा आणि कमी पोहोचला की शरीरातले घड्याळ मागे पडते, हे त्याचे एक मुख्य कारण मानले जाते. म्हणूनच थंड देशांत १०,००० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचे एकक) खास दिव्यासमोर सकाळी अर्धा तास बसण्याचा उपचार देतात.

आता खरा प्रश्न असा की लंडनला डिसेंबरात जेमतेम आठ तासांचा दिवस असतो, पण जळगावला तेव्हाही पावणेअकरा तासांहून मोठा दिवस आणि बहुधा निरभ्र आकाश असते. मग आमच्याकडे उजेडाची टंचाई आली कुठून? माझ्या मते ती आकाशातून नव्हे, वेळापत्रकातून आली. रब्बीला पाणी भरायच्या दिवसांत शेतीपंपाच्या विजेची पाळी रात्रीची आली की माणूस रात्रभर बांधावर गारठतो, पहाटे घरी येऊन दारे-खिडक्या लावलेल्या खोलीत झोपतो आणि उठतो तेव्हा सकाळ सरलेली असते. घरातल्या ट्यूबलाइटचा उजेड काहीशे लक्सच्या पुढे क्वचित जातो. अंगणात सूर्य वर आला की तोच दहा हजारांच्या कितीतरी पुढे असतो. हे फुकटचे औषध दाराबाहेर पडून राहते.

भाऊजींना अखेर गेल्या वर्षी मनोविकारतज्ज्ञांकडे नेले. त्यांनी आधी थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासायला लावले, कारण त्यांच्या बिघाडानेही असाच थकवा येतो. मग गोळ्या सुरू केल्या आणि उठल्याबरोबर अर्धा तास ओट्यावर, सूर्याकडे टक लावून न पाहता, उजेडात बसायला सांगितले. पहिला आठवडा माझ्या जाऊबाईंनी अक्षरशः हाताला धरून बसवले. रात्रीच्या पाण्यासाठी गडी लावला. त्याचा खर्च आम्हाला झेपला, सगळ्यांना झेपणार नाही हे मी जाणते. (आणि त्या गड्याच्या सकाळचे काय, हा प्रश्न मला सुचला तोही उशिराच.) यंदा भाऊजी आनंदी आहेत असे मी म्हणणार नाही, पण सातच्या सुमारास उठून गोठ्यात जातात.

थंडीतली प्रत्येक उदासी ऋतूचीच असते असे नाही. कापूस विकून झाल्यावर उसनवारीचा हिशेब लागतो तोही याच दिवसांत, आणि त्यावर उन्हाचा इलाज नाही. उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली किंवा ‘जगून काय करायचे’ असे शब्द तोंडून निघाले, तर घरगुती उपायांत दिवस न घालवता डॉक्टर गाठावेत. ज्यांना पूर्वी कधी अतिउत्साहाचे झटके आले असतील, त्यांनी तर असे दिवे किंवा नैराश्याच्या गोळ्या डॉक्टरांना न विचारता मुळीच सुरू करू नयेत.

शेतीला दिवसा वीज मिळावी यासाठी २०१७ पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आहे. दिवसाच्या विजेची मागणी करताना आपण बिबट्या आणि सापाचे कारण सांगतो, ते योग्यच आहे. त्यात शेतकऱ्याच्या झोपेचे आणि मनाचे कारणही जोडले जावे. आणि आपल्याकडे एक विनंती: केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही मानसिक आरोग्यासाठीची मोफत दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर सुरू असून तिथे मराठीतही बोलता येते. संक्रांतीपर्यंत तरी पाऱ्याच्या रोजच्या चौकटीखाली हा क्रमांक एका ओळीत छापावा.

आपली,
एक वाचक, चोपडा (जि. जळगाव)