निविदेतला दर आणि ताटातले अन्न : अन्नमंत्र्यांना खुले पत्र

माननीय अन्नमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार विनंती विशेष.

विषय : सार्वजनिक स्वयंपाकघरांसाठी होणाऱ्या अन्नखरेदीच्या नियमांत बदल करण्याबाबत.

सकस आहार घ्या, भाज्या-फळे खा, साखर, तेल आणि मीठ बेताने वापरा, असे सांगणाऱ्या जाहिराती सरकारी खर्चाने वर्षभर झळकत असतात. त्यांतले एकही वाक्य चुकीचे नाही. पण त्या ज्यांच्यासाठी छापल्या जातात त्यांच्यापैकी अनेकांना काय खावे हे चांगले ठाऊक असते. खिसा साथ देत नाही, एवढीच त्यांची अडचण असते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या अहवालांनुसार अलीकडच्या वर्षांत जगातील २५० कोटींहून अधिक माणसांना संतुलित आहार परवडत नाही, आणि केवळ पोट भरणाऱ्या पिष्टमय अन्नाच्या तुलनेत असा आहार सरासरी पाचपट महाग पडतो, असे याच संघटनेसह संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २०२० साली मांडले होते. पाचपटीची ही दरी प्रबोधनाने बुजणारी नाही.

स्वस्त अन्न आपोआप स्वस्त झालेले नसते, हेही आपण जाणताच. २०२१ साली संयुक्त राष्ट्रांच्या तीन संस्थांनी हिशेब केला, तेव्हा जगभरातील सरकारे शेतीउत्पादकांना दरवर्षी सुमारे ५४० अब्ज डॉलरचा आधार देतात आणि त्यातील ८७ टक्के आधार बाजारभाव विकृत करणारा किंवा निसर्गाला व आरोग्याला अपायकारक ठरणारा आहे, असे आढळले. साखरेसारख्या पदार्थांच्या वाट्याला त्यातला मोठा हिस्सा जातो, फळे-भाज्या मागे राहतात. हे अनुदानाचे गणित बदलायलाच हवे. परंतु त्याला वर्षे लागतील, अनेक हितसंबंध आडवे येतील आणि तो निर्णय आपल्या एकट्याच्या हातातला नाही, याची मला कल्पना आहे. म्हणून या पत्रात त्याविषयी अधिक लिहीत नाही. जे आपल्या खात्याच्या एका परिपत्रकाने होऊ शकते, तेवढेच मागतो.

सरकारी शाळा, रुग्णालये, वसतिगृहे आणि तुरुंग येथे रोज शिजणारे अन्न सरकार विकत घेते. इतका मोठा आणि इतका खात्रीचा दुसरा गिऱ्हाईक बाजारात क्वचितच सापडेल. हा गिऱ्हाईक मालाची निवड कशी करतो, ते पाहण्यासाठी अशा खरेदीची निविदा वाचावी. दरडोई उष्मांक किती, प्रथिने किती, धान्य किती ग्रॅम, हे रकाने काटेकोर भरलेले असतात. भाजीच्या पुढे मात्र पुष्कळदा ‘हंगामानुसार’ एवढाच शब्द असतो. भाजी कोणती, किती प्रकारची, काढणीनंतर किती वेळात पोहोचलेली, याचा उल्लेख नसतो. पुढे अनामत रक्कम आणि मागील वर्षांच्या उलाढालीची अट येते, आणि तिथेच लहान शेतकऱ्यांचे गट बाहेर पडतात. उरलेल्यांचे दराचे लिफाफे उघडले जातात व ज्याचा दर सर्वांत कमी त्याला काम मिळते. त्या दरात कंत्राट भागवायचे तर पुरवठादार धान्याला हात लावू शकत नाही, कारण त्याचे वजन होते. काटछाट होते ती भाजी, डाळ आणि फळांत. पातळ आमटी आणि आठवडाभर फिरून-फिरून तीच टिकाऊ भाजी ही स्वयंपाक्याच्या आळसाची खूण नसून निविदेच्या अटींचे तंतोतंत पालन असते.

हे वेगळ्या रीतीने करता येते. डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन या शहराने २००७ पासून आपल्या सार्वजनिक स्वयंपाकघरांचा कायापालट केला. तेथील अन्नाचा जवळजवळ नव्वद टक्के भाग सेंद्रिय झाला आणि खाद्यखरेदीचे अंदाजपत्रक त्यासाठी फुगवावे लागले नाही. मांसाचे प्रमाण उतरवले, तयार माल घेण्याऐवजी ताज्या भाज्यांपासून सुरुवात केली, उष्टे-शिळे वाया जाणे रोखले आणि त्यासाठी स्वयंपाक्यांना नव्याने प्रशिक्षण दिले. खर्च वाचला तो या स्वयंपाक्यांच्या हातून. माझ्या मते या प्रयोगातली सर्वांत कमी चर्चिली गेलेली बाब हीच आहे. ब्राझीलने २००९ च्या कायद्याने शालेय आहारासाठीच्या केंद्रीय निधीपैकी किमान ३० टक्के रकमेची खरेदी कुटुंबशेती करणाऱ्यांकडून करणे बंधनकारक केले. अशा शेतकऱ्याला गिऱ्हाईक वर्षभर आधीच ठाऊक असले की तो भाजी आणि कडधान्य लावायला धजावतो. कडधान्याच्या मुळांवरील गाठींतले जिवाणू हवेतील नत्र जमिनीत बांधतात, त्यामुळे पुढच्या पिकाला खत कमी लागते. गरिबाच्या ताटातले प्रथिन आणि जमिनीचा कस ही दोन्ही कामे एकाच पिकाने साधतात, आणि तरीही निविदेत डाळीचे प्रमाण वाढवण्याचा मुद्दा कोणी रेटत नाही, याचे आश्चर्य वाटते.

ताजा माल नासतो, त्यामुळे तो महाग पडेल, हा आक्षेप खरा आहे. काढणीपासून किरकोळ विक्रीपर्यंत जगातील सुमारे १३ टक्के अन्न वाया जाते, आणि नासलेल्या मालाची किंमत शेवटी विकल्या जाणाऱ्या मालातच वसूल होते. शेताजवळ सावली, वजनकाटा आणि लहान शीतगृह असले तर हा तोटा बराच आटोक्यात येतो; मात्र असे शीतगृह उभारायला कोणी तयार व्हावे तर ठरलेल्या दिवशी ठरलेला माल उचलणारा गिऱ्हाईक हवा. तो सरकारच होऊ शकते. दुसरा आक्षेप भ्रष्टाचाराचा. सर्वांत कमी दर हा एकच निकष ठेवला की अधिकाऱ्याला स्वतःचे मत वापरावे लागत नाही, म्हणून तो सुरक्षित वाटतो. पण दराबरोबर मालाच्या दर्जालाही गुण द्यायचे ठरवून त्या गुणांचे निकष आधीच जाहीर केले, गुण कोणी व कशासाठी दिले हे उघड ठेवले, तर तेवढीच सुरक्षितता मिळते. आजच्या पद्धतीत भ्रष्टाचार नाही, असे तरी कोण म्हणेल?

तेव्हा आपल्याकडे मागणी अशी आहे. अन्नखरेदीच्या निविदांत दराला निम्म्याहून अधिक गुण देऊ नयेत. उरलेले गुण भाज्या, फळे व कडधान्यांची विविधता, ताजेपणा आणि उत्पादनाची पद्धत यांना द्यावेत. मोठे कंत्राट लहान भागांत विभागावे, जेणेकरून वीस-पंचवीस शेतकऱ्यांचा गट एखाद-दोन शाळांपुरता पुरवठा करू शकेल. त्यांच्यासाठी उलाढालीची अट काढून टाकावी. देयक तीस दिवसांत चुकते न झाल्यास खात्याने व्याज द्यावे. ही शेवटची अट किरकोळ वाटेल, पण पैसे सहा महिन्यांनी मिळणार असतील तर लहान शेतकरी फिरकणार नाही आणि दारात पुन्हा तोच मोठा पुरवठादार उभा राहील. स्वयंपाक्यांचे प्रशिक्षण आणि भाजी निवडण्या-चिरण्यासाठी लागणारे वाढीव हात यांचा खर्चही निविदेतच धरावा. हिरवी पालेभाजी कोणीतरी बसून निवडल्याशिवाय पातेल्यात जात नाही.

पुढील वर्षाच्या खरेदीच्या निविदा निघण्यापूर्वी या मागण्यांवर आपल्या खात्याची भूमिका लेखी स्वरूपात जाहीर व्हावी आणि चालू कंत्राटांच्या अटी व मंजूर दर सर्वांना पाहता येतील असे प्रसिद्ध करावेत, ही विनंती.

आपला नम्र,
एक नागरिक