अल्गोलच्या ग्रहणाची वेळही छापावी

मा. संपादक,
स. न.

आपल्या दैनिकातील आकाशदर्शनाच्या सदरात ययाती तारकासमूहातील अल्गोल या ताऱ्याचा उल्लेख हिवाळ्यात हमखास येतो. मात्र त्याचा मंद जोडीदार दर २.८७ दिवसांनी त्याला झाकतो, एवढे सांगून सदर पुढे सरकते. या आकड्यावरून ग्रहणाची वेळ काढू पाहणाऱ्याची फसगत ठरलेली आहे. आवर्तनकाळ, म्हणजे एका ग्रहणापासून पुढच्या ग्रहणापर्यंतचा काळ, सुमारे २.८६७३ दिवस, म्हणजे २ दिवस २० तास ४९ मिनिटे आहे. दोन दशांश स्थळांवर थांबल्यास प्रत्येक फेरीमागे जवळपास चार मिनिटांची चूक होते आणि वर्षभरातील १२७ फेऱ्यांत ती आठ तासांवर जाते. यॉर्कच्या जॉन गुडरिक या कर्णबधिर तरुणाने दुर्बिणीविना केलेल्या निरीक्षणांवरून १७८३ मध्ये हा काळ काही मिनिटांच्या फरकाने मांडला होता, हे लक्षात घेता आजचा ढोबळपणा खटकतो.

अचूक आवर्तनकाळ घेतला तरी गणिताचा आरंभ अलीकडेच नोंदलेल्या ग्रहणमध्यापासून (तारा सर्वांत मंद दिसतो त्या क्षणापासून) करावा लागतो, कारण जोडीदाराकडून अल्गोलकडे वाहत आलेल्या द्रव्यामुळे हा काळ दशकानुदशके किंचित बदलत आला आहे आणि सुमारे ६८० दिवसांत या जोडीशी प्रदक्षिणा पूर्ण करणारा तिसरा ताराही वेळ काही मिनिटे मागेपुढे करतो. शिवाय कोष्टकांतील वेळा बहुधा सूर्यावरून पाहिल्याप्रमाणे दिलेल्या असतात. नोव्हेंबरच्या मध्यास पृथ्वी अल्गोलच्या बाजूला असल्याने आपल्याला ग्रहण त्याहून सात-आठ मिनिटे आधी दिसते. जागतिक वेळेत साडेपाच तास मिळवताना तारीख बदलू शकते, हे तर अनेकांच्या ध्यानातच येत नाही.

म्हणून ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात रात्री येणारे ग्रहणमध्य भारतीय प्रमाणवेळेनुसार छापावेत, ही विनंती. जागेची अडचण असल्यास महिन्यातील एकच वेळ पुरेल: सोमवारी पहाटे ४ वाजता ग्रहणमध्य असेल, तर पुढचा बुधवारची मध्यरात्र उलटल्यावर १२ वाजून ४९ मिनिटांनी आणि त्यापुढचा शनिवारी रात्री ९ वाजून ३८ मिनिटांनी येतो, हे वाचक स्वतः मांडू शकेल. ग्रहण सुमारे दहा तास चालत असले, तरी नजरेत भरणारी घट मध्याच्या आगेमागे दोनेक तासच असते. एरवी देवयानी तारकासमूहातील अल्माक या ताऱ्याइतका तेजस्वी, २.१ प्रतीचा (प्रतीचा आकडा जितका मोठा, तितका तारा मंद) असणारा अल्गोल त्या वेळी ३.४ प्रतीपर्यंत उतरतो, तेव्हा तुलनेसाठी अल्माकची जागाही नकाशात दाखवावी.

आपला,
एक वाचक, सातारा