रोज हवा भरायला लागतेय? आधी गळती शोधा

मा. संपादक, नमस्कार.

थंडी पडली की आपल्या पेपरात निफाडचा पारा किती खाली गेला याची बातमी येते, आणि त्याच दिवसांत इकडे नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक भागातल्या पेट्रोल पंपांवर हवेच्या मशीनपुढे सकाळच्या शिफ्टवाल्यांच्या बाइकची रांग लागते. त्या रांगेतल्या बऱ्याच गाड्या तिथल्या नेहमीच्याच असतात. मागच्या चाकात हवा भरायची, कंपनी गाठायची, दोन दिवसांनी परत तेच, आणि कोणी विचारलं की "थंडीने होतं हो" म्हणून विषय संपवायचा. मला याच्यावरच लिहायचंय. हवा हळूहळू उतरत असेल तर ती कुठून जातेय हे सापडेपर्यंत नुसती हवा भरून काही उपयोग नाही, आणि ते शोधणं लोकांना वाटतं तेवढं अवघडही नाही.

थंडीचं म्हणाल तर ते खरंय पण अर्धंच. तापमान १० अंशांनी उतरलं की ३० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) असलेल्या टायरमध्ये साधारण दीड पीएसआय कमी दिसतो, आणि नाशकात पहाटे आणि दुपारी यापेक्षा जास्त फरक पडतो. पण थंडी काही एकच चाक बघून पडत नाही ना, दोन्ही चाकांत सारखीच घट दिसली तर हवामान समजा, एकाच चाकात दिसली तर तिथे गळती आहे हे नक्की धरा. तसंच रबरातून थोडी हवा आपोआप झिरपतेच, महिन्याला एक-दोन पीएसआय गेले तर काळजी नको. आठवड्यात पाच-सहा जात असतील तर मात्र कारण शोधायलाच पाहिजे.

यासाठी स्वतःचं गेज घ्या, दोन-तीनशे रुपयांत मिळतं, आणि सकाळी गाडी काढायच्या आधी, टायर गार असताना मोजा. पंपावर आपण पोचतो तेव्हा टायर तापलेला असतो आणि तापलेल्या टायरचं रीडिंग दोन-चार पीएसआय जास्त येतं, म्हणजे तिथे काटा बरोबर २८ वर दिसला तरी गार झाल्यावर हवा कमीच निघणार. शिवाय या पंपाचं मशीन एक सांगतं, त्या पंपाचं दुसरंच. गळती पकडायची तर गेज एकच हवं आणि वेळही रोज तीच, नाहीतर आकड्यांना काही अर्थ राहत नाही. किती हवा हवी ते बहुतेक गाड्यांच्या चेन कव्हरवर नाहीतर स्विंगआर्मवर (मागचं चाक धरणारा दांडा) स्टिकर असतो त्यावर लिहिलेलं असतं, एकट्यासाठी वेगळं आणि डबल सीटसाठी वेगळं.

आता शोधायचं कुठून? माझं म्हणणं, पहिल्यांदा व्हॉल्व्ह बघा, टायरकडे नंतर वळा. पंपावरची हवेची नळी दिवसभर खाली मातीत लोळत असते, तिच्या तोंडाचा कचरा हवेसोबत व्हॉल्व्हच्या पिनवर (आत हवा अडवून धरणारी बारीक झडप) जाऊन बसतो आणि पिन पूर्ण बंद होत नाही. टोपण काढा, तोंडावर साबणाचं पाणी लावा (पंक्चरवाले थुंकी लावून बघतात ते हेच) आणि निदान एक मिनिट डोळे लावून बघत बसा, लगेच उठू नका. बारीक गळतीत बुडबुडा चटकन येत नाही, आधी नुसती फिल्म ताणल्यासारखी होते, मग मोहरीएवढा फुगा हळूहळू वर येतो. आला तर पिन आवळा, तरी थांबला नाही तर पिन बदला, दहा-वीस रुपयांचं काम. आणि टोपण परत लावाच, कितीतरी गाड्यांना ते नसतंच, मग चिखल-धूळ थेट पिनवर जाते.

तोंड ठीक असेल तर व्हॉल्व्हची मुळी बघा. अलॉय व्हीलला रबरी व्हॉल्व्ह रिममध्ये दाबून बसवलेला असतो, उन्हाने नि वयाने त्याच्या बुडाला चिरा पडतात. सरळ उभा असताना त्या दिसत नाहीत, बोटाने हळूच एका बाजूला वाकवला की उघडतात, आणि तिथे साबणाचं पाणी सोडलं की लगेच कळतं. आमच्या कंपनीतल्या एका पोराच्या गाडीला नेमकं हेच झालेलं. एका ठिकाणी त्याला नायट्रोजन भर म्हणाले, दुसऱ्या ठिकाणी भोक बुजवणारं जेल टाकून दिलं, तिसऱ्याने तर टायरच बदलायला सांगितला, आणि शेवटी निघालं काय तर व्हॉल्व्हच्या बुडाची चीर. साध्या हवेत मुळातच ७८ टक्के नायट्रोजन असतो, तो काय चीर बुजवणार? आणि जेल व्हॉल्व्हमध्ये जाऊन अडकतं, मग पिनही नीट बसत नाही आणि गेजही खराब होतं. टायरचे पैसे घ्यायच्या आधी त्या तिघांपैकी एकानेही व्हॉल्व्ह वाकवून बघितला नाही याचा मला खरंच राग येतो, कारण ते पोरगं महिनाअखेरीला पेट्रोलचे पैसे मोजून टाकतं.

त्यानंतर टायर. ट्यूबलेसमध्ये खिळा घुसला तरी आतलं रबर त्याला घट्ट धरून बसतं म्हणून हवा भसकन न जाता दिवसाला थोडी थोडी जाते, आणि आपल्या एमआयडीसीत खिळ्यापेक्षा जास्त त्रास टर्निंगच्या तुकड्यांचा आहे. स्क्रॅपचे टेम्पो ताडपत्री न बांधता जातात, लेथवरचे ते वळलेले धारदार तुकडे रस्त्यावर सांडतात आणि टायरच्या खाचेत असे शिरतात की बाहेरून फक्त काळा ठिपका दिसतो. चाक मेन स्टँडवर हाताने अगदी सावकाश फिरवा, प्रत्येक खाच बघा, शंका आली तिथे साबणाचं पाणी टाका. दिसला तुकडा की लगेच उपटू नका, खडूने खूण करा आणि तसंच पंक्चरवाल्याकडे न्या. जुनं पंक्चर काढलेलं असेल तर तिथेही पाणी टाकून बघायचं, कारण बाहेरून मारलेली स्ट्रिप काही महिन्यांनी सैल पडून झिरपायला लागते. टायर उतरवून आतून मशरूम पॅच (छत्रीसारखं बूच, दांडी भोकात आणि टोपी आतून चिकटलेली) मारून घेतलेला जास्त टिकतो, वेळ जास्त जातो म्हणून बरेच जण नको म्हणतात, पण तोच करून घ्या. आणि भोक टायरच्या बाजूच्या भिंतीला असेल तर पंक्चर काढूच नका, टायर बदला.

इथेही नाही सापडलं तर राहते टायरची कड, जिथे टायर रिमला चिकटतो. खड्ड्यात आपटून रिम वाकली असेल, किंवा अलॉयला आतून पांढरी बुरशीसारखी गंज धरली असेल, किंवा टायर चढवताना लोखंडी पान्याने कड कापली गेली असेल, तर गोलाकार कुठूनतरी बारीक फेस येत राहतो. टायर सोडवून रिमची कड बारीक पॉलिश पेपरने घासून साफ केली की बऱ्याचदा एवढ्यावरच भागतं. रिमला तडा असेल तर वेल्डिंग मारून चालवू नका.

स्पोकच्या चाकाची, म्हणजे ट्यूबवाल्या गाड्यांची गोष्ट थोडी वेगळी, आणि गावाकडे अजून त्याच जास्त आहेत. ट्यूबला पडलेलं भोकच सगळं सांगतं, फक्त ट्यूब काढताना ती टायरमध्ये कशी बसलेली होती त्याची खूण करून ठेवायची. भोक बाहेरच्या अंगाला असेल तर त्याच जागी टायरमध्ये आतून कापड फिरवा, बाभळीच्या काट्याचं टोक तिथेच मोडून बसलेलं असतं आणि ते काढलं नाही तर तीच ट्यूब आठवड्याने परत तिथेच फुटणार. भोक आतल्या, रिमच्या अंगाला असेल तर स्पोकचं टोक वर आलंय किंवा रिम टेप सरकलीय. शेजारी शेजारी दोन भोकं असतील तर ट्यूब खड्ड्यात नाहीतर पान्यात चिमटलीय. आणि व्हॉल्व्हची नळी रिममधून तिरकी बाहेर आलेली दिसली तर गाडी तशी चालवूच नका, हवा कमी असताना ब्रेक लागला की टायर रिमवर सरकतो, सोबत ट्यूबला ओढतो आणि एक दिवस नळी मुळापासून फाटते. तेव्हा हवा हळूहळू जात नाही, एका क्षणात जाते. मागे बायको-पोरं बसलेली, पुणे रोडवर मागून ट्रक, तेव्हा काय होतं ते सांगायला नको.

पंक्चरवाल्या दादांनाही एक विनंती, चाक टबात बुडवून भरभर फिरवू नका. ते बुडालं की आधी सगळीकडे वरचेच बुडबुडे चिकटलेले असतात, हाताने ते पुसून काढा, मग एकेक भाग पाण्याखाली थोडा वेळ स्थिर धरा, व्हॉल्व्हसकट. हळू गळती अशीच सापडते. "काही नाही यात" म्हणून परत पाठवलेल्या गाड्या दुसऱ्या दिवशी परत तुमच्याच दारात येतात.

आणि पंपांबद्दल. हवा फुकट आणि नीट देणं हे ऑइल कंपन्यांच्या नियमातच आहे, तरी कित्येक ठिकाणी मशीन बंद, नाहीतर सकाळी सहाला तिथे माणूस नाही. कंपन्यांच्या अधिकाऱ्यांनी शिफ्टच्या वेळेला येऊन बघावं, मशीनचा काटा चांगल्या गेजशी ताडून पाहावा आणि कधी ताडला ती तारीख मशीनवर लिहावी. सर्व्हिस सेंटरवाल्यांनीही जॉब कार्डवर दोन्ही चाकांची हवा गाडी आली तेव्हा किती होती ते लिहून द्यावं, म्हणजे पुढच्या सर्व्हिसला फरक दिसेल. स्क्रॅपच्या टेम्पोंना ताडपत्रीची सक्ती आणि एमआयडीसीतल्या चौकांत रोज झाडू, एवढं महापालिका आणि एमआयडीसीने मिळून केलं तरी आमच्या इथली निम्मी गळती बंद होईल असं मला वाटतं. आपल्या पेपरने हा विषय त्यांच्यापर्यंत पोचवावा.

आपला नियमित वाचक,
सातपूर, नाशिक